काच काळी की स्वच्छ?

आबांच्या दुकानात शिरलं की उजव्या हाताला भिंतीवर एक लाकडी फळी होती. फळीवर दोनशे वॅटचा दिवा, त्याखाली प्लग लावायची जागा आणि बोटांनी काळपट झालेलं एक बटण. दुरुस्त झालेलं मशीन थेट लाइनवर लावायचं नाही, आधी फळीवर लावायचं, हा दुकानाचा पहिला नियम. दिव्यातून पार होऊन येईल तेवढीच वीज मशीनला मिळायची. आत शॉर्ट असला तर दिवा भकाभका पेटायचा आणि मशीन वाचायचं. सगळं ठीक असलं तर दिवा एकदा लखकन उजळायचा आणि हळूहळू मंद होत नुसत्या लालसर तारेवर यायचा. या फळीला आम्ही ‘सिरीज’ म्हणायचो. कराडच्या बाजारपेठेत तेव्हा रेडिओ-टेपची दुरुस्ती करणारे बरेच होते, आणि सिरीज नसलेला त्यांत एकही नव्हता.

मी आयटीआय करून नुकताच तिथे लागलो होतो. माझ्याकडे डिजिटल मीटर होता, वहीत सूत्रं होती, आणि फळी मला जरा गावठी वाटायची.

लागल्यावर सहा महिन्यांनी आबांनी मला एक अख्खं मशीन, म्हणजे अँप्लिफायर, बांधायला दिलं. गिऱ्हाईक तात्या. लग्नं, जत्रा, बारशी आणि गणपती यांना साऊंड पुरवणारे. आम्ही पुण्याला जाऊन बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून सुटे भाग आणले. त्यात एक गोल ट्रान्सफॉर्मर होता, आठशे व्हीएचा. मोठ्या भाकरीएवढा, पिवळ्या टेपने गुंडाळलेला, एका हाताने उचलायला गेलं की मनगट वाकवणारा. आमच्याकडे तोवर चौकोनी ट्रान्सफॉर्मरच यायचे. गोल म्हणजे नवलाई. आकाराने आटोपशीर, गुणगुण कमी. एसटीत तो मी मांडीवर घेऊन बसलो होतो.

फ्यूज ठरवायची वेळ आली तेव्हा मी वही काढली. आठशे भागिले दोनशे तीस, म्हणजे साडेतीन अँपिअर. त्याच्या वरचा मिळतो तो चारचा. खणात काचेच्या फ्यूजांची डबी होती, तिच्यावर 4 छापलेलं. एक उचलला, होल्डरमध्ये सरकवला, टोपी फिरवली. मशीन सिरीजवर लावलं, दिवा लखकला, मंदावला. मग गाणं लावून दोन तास चालवलं. आबांनी मान हलवली. माझी छाती फुगली.

त्या फ्यूजच्या टोपीवर आकड्याच्या आधी एक बारीक अक्षर होतं. मी आकडा बघितला, अक्षर बघितलं नाही.

मे महिन्यात एका लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी माइकसमोर उभे, आणि तात्यांच्या पोराने बटण दाबलं तर काहीच नाही. फ्यूज उडाला होता. पोराने दुसरा टाकला, मशीन सुरू झालं. तोवर दोन मंगलाष्टकं भटजींनी मोकळ्या गळ्याने म्हटली होती, आणि मागच्या रांगांतली माणसं काहीच ऐकू न आल्यामुळे चुकीच्या वेळी अक्षता टाकत होती. पुढच्या लग्नात काही झालं नाही. त्याच्या पुढच्या लग्नात लागोपाठ दोन गेले.

तात्या आले ते मशीन टेम्पोतून उतरवूनच. आबा त्या दिवशी पुण्याला गेले होते.

“लेका, मशीन बांधलंयस का लवंगी माळ?”

मी मशीन सिरीजवर लावलं. दहादा चालू केलं, दहादा बंद केलं. एकदाही काही झालं नाही. तात्यांना वाटलं, मी त्यांना खोटं पाडतोय. त्यांचा आवाज वाढला, शेजारचा चप्पलवाला दारात येऊन उभा राहिला. दुकानात चालतं आणि मांडवात उडतं, याचा अर्थ मला लागेना. खरं तर अर्थ समोर भिंतीवरच टांगलेला होता. मशीन चालू होताना जो धक्का बसतो तो दिवा गिळून टाकत होता. मांडवात दिवा नव्हता. पण माणूस घाबरला की भिंतीकडे बघत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

खणात दहा अँपिअरची डबी होती. मी एक काढला आणि होल्डरमध्ये घातला.

“आता नाही जाणार,” म्हणालो.

आणि खरंच नाही गेला. जूनमधली दोन मुहूर्ताची लग्नं, मग आषाढात एक सत्कार, श्रावणातले दोन कार्यक्रम. तात्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा आणून माझ्या हातात दिला, आबांच्या नव्हे. “पोरगं हुशार आहे तुमचं,” असं आबांना माझ्यादेखत सांगितलं. आबांनी विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, होल्डर सैल होता, घट्ट केला. पापाचा माणसाला आतून डंख होतो म्हणतात. मला त्या तीन महिन्यांत एकदाही झाला नाही. पेढे मी चवीने खाल्ले.

अनंत चतुर्दशीला मिरवणुकीत तात्यांचा ट्रॅक्टर होता. ट्रॉलीवर जनरेटर, त्याच्या पुढे रॅक, दोन्ही अंगांना स्पीकरचे बॉक्स. दुपारी चारला सुरुवात झाली. साडेनऊच्या सुमारास रॅकच्या मागून वास आला. बारक्या म्हणून तात्यांकडे एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता, वायरी गुंडाळणारा. त्याने वाकून बघितलं तर मशीनच्या जाळीतून धूर येत होता आणि मागचा सजावटीचा पडदा तपकिरी व्हायला लागला होता. त्याने पडदा ओढून खाली टाकला. मग प्लग ओढायला हात मागे घातला तेव्हा तळवा मशीनच्या पत्र्याला टेकला. प्लग निघाला. तळव्याची कातडी पत्र्याला राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मशीन दुकानात आणून ठेवलं. या वेळी आवाज नव्हता. आबांनी वरचा पत्रा काढला.

ट्रान्सफॉर्मरची पिवळी टेप आक्रसून काळी पडली होती, ठिकठिकाणी फाटून आतलं तांबं दिसत होतं. तारेवरचं वार्निश वितळून तळाशी ओघळलं होतं आणि तिथेच थिजलं होतं, काकवीसारखं. कपॅसिटरांची प्लॅस्टिकची आवरणं चिमटून वर सरकली होती. वास असा की दुकानातून तो दोन दिवस गेला नाही. आबांनी फ्यूजची टोपी फिरवली आणि फ्यूज तळहातावर घेतला.

काच लख्ख. आतली तार टोकापासून टोकापर्यंत सरळ, तुटली नाही, वाकलीसुद्धा नाही. मशीनमधलं जे जे जळायचं ते जळलं होतं, आणि जळण्यासाठीच बसवलेली वस्तू तेवढी शाबूत होती.

आबांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून टोपी वाचली. “दहा,” म्हणाले. मग तात्यांकडे बघितलं.

“आम्ही हात लावला न्हाई, आबा. पोरं नवीन फ्यूजसुद्धा तुमच्याकडनंच घेत्यात.”

चप्पलवाला परत दारात होता. मी म्हणू शकलो असतो की पोरांनी टाकला असेल. बारक्या दवाखान्यात होता, तो काही सांगायला येणार नव्हता. तेवढा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला, हे लपवत नाही.

“मी टाकला,” म्हणालो.

आबांचा राग मी तोवर दोनदाच पाहिला होता. गिऱ्हाइकं त्यांच्यावर ओरडायची, उधारी बुडवायची, पार्ट बदलल्याचा खोटा आळ घ्यायची, आणि ते सोल्डरिंग करत राहायचे. मला वाटलं, आज तिसऱ्यांदा बघायला मिळणार. त्यांनी फ्यूज एका रिकाम्या काडेपेटीत ठेवला, पेटी फळीवर ठेवली आणि तात्यांना म्हणाले, “ट्रान्सफॉर्मर दुकान भरून देईल. घटस्थापनेच्या आधी मशीन मिळेल.” तात्या गेल्यावर मला विचारलं, “बारक्याला बघून आलास?”

“नाही.”

“रोज संध्याकाळी त्याला ड्रेसिंगला तू न्यायचंस. सायकलवर. बरा होईपर्यंत.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “दुकान त्या वेळी तुझ्यावाचून चालेल.”

एवढंच बोलले. त्या शेवटच्या वाक्याने मला जे झालं ते ओरडण्याने झालं नसतं.

पितृपंधरवड्यात साऊंडवाल्यांना काम नसतं, आणि म्हणून आम्हालाही फारसं नसतं. मी रोज साडेपाचला बारक्याला डबलसीट घेऊन सरकारी दवाखान्यात जायचो. पहिले चार दिवस तो पट्टी सोडताना माझा दंड दुसऱ्या हाताने आवळून धरायचा. वळ उठायचे. परत येताना आम्ही दुकानात थांबायचो, कारण आबांनी त्याच्यासाठी चहा सांगून ठेवलेला असायचा. तिथेच त्या संध्याकाळी जे शिक्षण झालं ते आयटीआयच्या दोन वर्षांत झालं नव्हतं.

पहिल्या दिवशी आबांनी एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. आत शेकडो जळके फ्यूज. “टाकून का नाही दिले?” बारक्याने विचारलं. आबा म्हणाले, “पत्रं कोणी टाकून देतं का?”

मग त्यांनी तीन ढीग करायला लावले. काच काळी पडलेली किंवा आतून आरशासारखी चंदेरी झालेली, ते एका बाजूला. तिथे शॉर्ट झालेला असतो. करंट एवढा झपाट्याने वाढतो की तार वितळत नाही, तिची वाफ होते आणि काचेला चिकटते. असा फ्यूज दिसला की नवा टाकायचा नाही, आधी मशीन उघडायचं. काच स्वच्छ पण तार मधोमध गळून दोन टोकांना बारीक गोळे झालेले, ते दुसऱ्या ढिगात. तिथे शॉर्ट नाही, ओझं जास्त झालंय. थोडंसंच जास्त, पण बराच वेळ. तार तापत तापत मधोमध मऊ झाली, कारण दोन्ही टोकांची उष्णता टोप्या ओढून घेतात, मधली जाते कुठे? तिसऱ्या ढिगात काच स्वच्छ आणि तार टोकाशी नुसती तुटलेली. हे म्हातारपणाने गेलेले. मशीन चालू करताना प्रत्येक वेळी धक्का बसतो, तार तापून लांबते, गार होऊन आखडते, आणि हजारदा असं झालं की एक दिवस दमून तुटते.

बारक्याने डाव्या हाताने माझ्यापेक्षा लवकर ढीग लावले. मी आकडे वाचत बसायचो, तो काच उजेडात धरायचा आणि ठेवून द्यायचा.

“आता सांग,” आबा मला म्हणाले, “तुझा चारचा फ्यूज कधी जायचा, कधी नाही. का?”

मला सांगता येईना. आबांनी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवर टिचकी मारली. “लोखंडाला आठवण असते,” म्हणाले.

मशीन बंद करतो त्या क्षणी गाभ्यात जेवढं चुंबकत्व असेल, त्यातलं बरंचसं तिथेच राहून जातं. चौकोनी ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांना सांधे असतात, तिथे ते थोडं मरतं. गोल गाभा म्हणजे एकसंध पट्टीची गुंडाळी. सांधा नाही, म्हणून आठवण पक्की. आता बटण पुन्हा दाबलं तो क्षण कुठला, यावर सगळं. लाइनची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. आपण दाबलं तेव्हा व्होल्टेज ऐन शिखरावर असलं तर गाभ्यावर फारसा ताण येत नाही. ते शून्यावरून निघत असलं आणि नेमकं आधीच्या आठवणीच्याच दिशेने ढकलत असलं, तर काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी घागर ओतल्यासारखं होतं. गाभा भरून वाहतो. मग ते वेटोळं ट्रान्सफॉर्मर राहत नाही, नुसती तांब्याची तार उरते.

“त्या तारेचा रेझिस्टन्स किती?”

मी तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर मोजला. दीड ओहम.

“आणि लाइनचं शिखर?”

दोनशे तीसचं शिखर सव्वातीनशे. सव्वातीनशे भागिले दीड. मी वहीत आकडा लिहिला आणि बघत बसलो. दोनशेच्या वर अँपिअर. घरातल्या वायरिंगचा रेझिस्टन्स धरला तरी शंभर-दीडशे. साडेतीनच्या मशीनला. शिवाय पुढे वीस हजार मायक्रोफॅरडचे कपॅसिटर रिकामे, तेही त्याच क्षणी तहानलेले. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं, पुढच्या काही हेलकाव्यांत ओसरणारं. मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना. बटण कोणत्या क्षणी दाबलं जाईल हे बोटाला कळत नाही, म्हणून कधी फ्यूज वाचायचा, कधी जायचा. मंगलाष्टकांचा त्यात काही दोष नव्हता.

मग भिंग माझ्या हातात दिलं आणि माझ्या डबीतला फ्यूज वाचायला लावला. एफ. चपळ. दुसऱ्या एका पुडीतला काढला. टी. सुस्त. ही अक्षरं जर्मन शब्दांची, एफ म्हणजे फ्लिंक, टी म्हणजे ट्रेगे, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. आबांना जर्मन येत नव्हतं, पण हिशेब पाठ होता. फ्यूजवर लिहिलेल्याच्या दहापट करंट आला तर एफने 20 मिलिसेकंदांच्या आत गेलंच पाहिजे, टीने निदान 20 मिलिसेकंद थांबलंच पाहिजे. धक्का ओसरायला तेवढा वेळ लागतो, तेवढा टी देतो. म्हणजे टी ढिला का? तर तसंही नाही. करंट दुपटीच्या थोडा वर जाऊन तिथेच राहिला, तर एफला अर्ध्या तासापर्यंत मुभा आहे, टीला दोनच मिनिटांची. मी हे दोनदा विचारून घेतलं. मला आधी ते उलटं वाटलं होतं. सुस्त म्हणायचं तो चिवट ओझ्याला आधी उठतो!

“आणि दीडपटीला?”

“दीडपटीला दोघांनीही तासभर तग धरायचा असतो.”

हे आबा सहज म्हणाले, आणि मग गप्प बसून राहिले. मला वेळ लागला. दहाच्या दीडपट पंधरा. पंधरा अँपिअर गुणिले दोनशे तीस, साडेतीन किलोवॅट जवळजवळ. पावणेदोन गिझर. मी तात्यांच्या मशीनमध्ये जो पहारेकरी बसवला होता, त्याला पावणेदोन गिझरएवढी आग समोर दिसली तरी तासभर बसून राहायची परवानगी होती. त्याने काही चूक केली नव्हती. त्याला सांगितलेलं काम त्याने चोख केलं होतं.

बारक्याने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. “त्या रात्री आठ बॉक्स होते,” म्हणाला. एरवी चार असायचे, दोन-दोन. तात्यांनी दुसऱ्या मंडळाचं बघून आणखी चार लटकवले होते. एका बाजूला चार बॉक्स समांतर जोडले की मशीनला दिसतो तो भार दोन ओहमचा. आबांनी कागदावर मांडलं. करंट दुप्पट म्हणजे तारेतली उष्णता दुप्पट नाही, चौपट. साडेपाच तास चौपट उष्णता. वार्निश मऊ झालं, दोन वेटोळी एकमेकांना टेकली, मग तिथे आणखी ताप. टी चार असता तर पहिल्या अर्ध्या तासातच गेला असता, तात्यांनी शिव्या दिल्या असत्या आणि चार बॉक्स उतरवले असते.

ध्वनिविस्तारकं बांधणाऱ्यांत एक जुना विनोद आहे, की हजाराचा ट्रान्झिस्टर दहा रुपयांच्या फ्यूजला वाचवण्यासाठी आधी प्राण देतो. ते खरंच आहे. ट्रान्झिस्टर मरायला मिलिसेकंदसुद्धा पुष्कळ होतो, फ्यूजची तार तोवर कोमटही झालेली नसते. मग फ्यूज कशाला? मी आबांना विचारलं. त्यांनी बारक्याच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि चहा प्यायले.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आला तेव्हा आबांनी मशीन माझ्याच पुढ्यात सरकवलं. मला वाटलं होतं ते स्वतः बांधतील. किती अँपिअरचा टाकू, असं मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. फ्यूजचे आकडे चमत्कारिक असतात, 3.15, 4, 5, 6.3, 8, 10. प्रत्येक पायरी मागच्याच्या सव्वापट. सुस्त जातीचा 6.3 टाकला असता तर चालू करतानाचा कुठलाही धक्का त्याने झेलला असता, पुस्तकातही तसंच सापडतं. पण मग वरच्या ओझ्याला तेवढीच सूट मिळते. सुस्त 4 टाकला तर ओझ्यावर नजर कडक, पण रोजच्या धक्क्याने तो लवकर म्हातारा होणार आणि तिसऱ्या ढिगात जाणार. दोन दिवस मी या दोन आकड्यांमध्ये लोंबकळत होतो. तिसऱ्या दिवशी एक टेप दुरुस्त करून सिरीजवर लावला, दिवा लखकला, मंदावला, आणि मी बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहिलो.

धक्का फ्यूजने का झेलायचा?

मी जाडजूड पांढऱ्या रेझिस्टरांची जुळणी करून पन्नास ओहम केले आणि ते मशीनच्या आत लाइनच्या वाटेत घातले. शेजारी एक रिले. बटण दाबलं की वीज आधी रेझिस्टरमधून येणार, सव्वातीनशे भागिले पन्नास, म्हणजे साडेसहाच्या वर जाऊच शकत नाही. सेकंदभराने रिले टक् करून रेझिस्टरला बगल देणार आणि मशीन पूर्ण जोमात. फ्यूज, सुस्त, चारचा. लाइनच्या वायरीत सगळ्यात आधी फ्यूज, मग बटण, मग बाकीचं. रिले कधी अडकला तर रेझिस्टर तापून लाल होणार, म्हणून त्यांना लाकडापासून आणि वायरींपासून लांब पत्र्यावर बसवलं. या जोडणीला सॉफ्ट स्टार्ट म्हणतात आणि ती तयार मिळते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, मीच शोध लावला.

आबांनी आत डोकावून बघितलं. “फळी पोटात घातलीस की रे,” म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांनी मला मशीन सिरीजवर न लावता थेट लाइनवर लावू दिलं. वीसदा चालू केलं, वीसदा बंद. बारक्या मोजत होता.

हल्ली मी माझ्या दुकानात लाइनच्या बाजूला चिनी मातीचे, आत वाळू भरलेले फ्यूज वापरतो. मोठ्या शॉर्टला काच फुटू शकते, वाळू ठिणगी विझवते. ते जास्त सुरक्षित आहेत. पण ते बोलत नाहीत, आतलं काही दिसत नाही, आणि ते उचलताना मला दर वेळी थोडं चुकल्यासारखं वाटतं. तेव्हा आमच्या खणात काचेचेच होते.

घटस्थापना झाली. पाचव्या माळेला रात्री साडेआठला दुकानातला फोन वाजला. आबा जेवायला गेले होते, मी शटर अर्धं ओढून आवराआवर करत होतो. बारक्या तात्यांच्या मोबाइलवरून बोलत होता. मागे दांडियाच्या टिपऱ्यांचा विस्कळीत आवाज आणि तात्यांचा मोठा आवाज.

“फ्यूज गेला.”

मी खाली बसलो. फोनची वायर ताणली गेली.

“काच काळी की स्वच्छ?”

तो बॅटरी शोधायला गेला. तात्यांनी फोन घेतला. “आरं, पब्लिक थांबलंय. मागच्यासारखा दहाचा टाकायचा का? पोराकडं एक हाय जुना.”

फळीवर काडेपेटी होती तिथेच होती.

“तात्या, बारक्याला द्या फोन.”

थोडा वेळ काहीच नाही. मग बारक्याचा श्वास.

“स्वच्छ आहे. मधोमध गळलीय. दोन बाजूंना दोन गोळे.”

“बॉक्स किती लावलेत?”

“सहा,” तो जरा हळू म्हणाला. तात्या जवळ असणार.

“दोन काढ. एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक. मग चारचाच टाक.”

“तात्या म्हणतात...”

“काय म्हणतात?”

तो काही बोलला नाही. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. तात्या काहीतरी बोलत राहिले, बारक्या एक-दोन शब्दांत उत्तर देत राहिला, ते मला कळेना. मग पिन सोडवल्याचा आवाज, लाकडी बॉक्स ओढल्याचा आवाज, एकदा, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा. आबा जेवून आले, शटरखालून वाकून आत आले, माझ्याकडे बघत उभे राहिले. मी हाताने थांबा म्हणून खूण केली.

“ऐक,” फोनमध्ये बारक्या म्हणाला. त्याने मोबाइल रॅकच्या जाळीशी धरला असावा. बटणाचा खट् आवाज आला, मग सेकंदभर शांतता, आणि मग आतून, अगदी बारीक, टक्.